नळी की गोळी?

"नळी घालायची की नुसत्या गोळ्यांवर भागवायचं? तुमचं काय म्हणणं?"

डॉक्टरांनी असं विचारलं आणि मी उत्तर द्यायचं सोडून ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत दवाखान्याच्या पायऱ्या काही कमी चढलो नाही. दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माझा पहिला मुतखडा. पण टेबलापलीकडच्या माणसानं ‘तुमचं काय म्हणणं’ असं कधी विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तसं साहेब," ह्यांनी सवयीनं म्हणून टाकलंच.

"माझं मत मी सांगतोच की. पण नळी राहणार ती ह्यांच्या पोटात," डॉक्टर म्हणाले.

ही २०२३ च्या मार्चमधली गोष्ट. ही नळी म्हणजे काय प्रकरण असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी ती माझ्या पोटात अठरा दिवस होती. आणि आमच्या वन्संच्या पोटात चौदा महिने.

पहिली खेप २०१६ च्या दसऱ्यानंतरची. कडोलीत ते बटाटा काढणीचे दिवस. आमच्या भागातला जवारी बटाटा बेळगावच्या बाजारात नावाजलेला. आम्ही जैन, घरात कंदमूळ शिजत नाही. सासूबाईंनी उभ्या जन्मात बटाट्याची भाजी केली नाही, पण काढलेल्या बटाट्यातला किडका नेमका बाजूला काढायला त्यांच्यासारखा हात नव्हता. रविवार होता, शाळेला सुट्टी, म्हणून मीही शेतात पोती मोजत उभी होते. डाव्या कुशीत एकाएकी कळ आली. बसले, उठले, वाकले, आडवी झाले. कशानंही ती कळ हलेना. बाळंतपणाची कळ येते नि ओसरते, मधे श्वास घ्यायला देते. ही देत नव्हती. बांधावरच ओकारी झाली.

मग जो तो वैद्य झाला. कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं आणून दिली. शाळेतल्या एका सरांनी ह्यांना बाजूला घेऊन सुचवलं, "वैनींना थोडी बिअर द्या, खडा धुऊन निघतो." सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न पिणाऱ्या बाईला! दुखत असतानाही मला हसू आलं.

सोनोग्राफीत खडा दिसला. आठ मिलिमीटरचा, मूत्रपिंडातून निघून खाली मूत्राशयाकडे येणाऱ्या वाहिनीत अडकलेला. ही वाहिनी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेच खडे आपले आपण पडून जातात. त्याहून मोठा झाला की त्याचा भरवसा नाही. पंधरा दिवस गोळ्या घेऊन बघितल्या. खडा जागचा हलला नाही, आणि वर तुंबलेल्या लघवीनं मूत्रपिंड फुगायला लागलं. तेव्हा ऑपरेशन ठरलं. आमच्या आजोबांच्या काळी मोठं ऑपरेशन म्हटलं की मिरज, वानलेसचं इस्पितळ. आता कडोलीहून दहा-बारा किलोमीटरवर बेळगावात सगळं होतं. कुठं कापाकापी नाही. लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत घालायची आणि लेसरनं खडा फोडायचा.

दवाखान्यात सह्यांचे कागद आले. अर्धे इंग्रजीत, अर्धे कानडीत. मी मराठी शाळेतली बाई. इंग्रजी वाचता येतं, पण स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वाचण्याएवढं नाही. ह्यांनी बाण केला होता तिथं तिथं सह्या केल्या. पुढं केव्हातरी वाचलं, की सुश्रुतानं अश्मरीचं, म्हणजे मुतखड्याचं शस्त्रकर्म करण्याआधी राजाची परवानगी घ्यायला सांगितलंय. कारण शस्त्र न लावावं तर मरण ठरलेलं, आणि लावलं तरी जगेल याचा भरवसा नाही. तेव्हा राजाला विचारायचे, आता नवऱ्याला विचारतात, असं मनात आलं. ज्याच्या पोटात खडा त्याची पाळी येतच नाही.

जाग आली तेव्हा नर्सबाई म्हणाली, "खडा गेला हं. डीजे घातलाय. दोन-अडीच आठवड्यांनी काढायला या."

डीजे म्हटल्यावर मला गणपतीच्या मिरवणुकीतला तो छाती हादरवणारा डीजेच आठवला. घरी सासूबाईंना ‘स्टेंट’ शब्द सांगितला तर त्या घाबरल्या. "अगं, ती काळजात घालतात की! तुझं काळीज पण बिघडलं काय?" त्यांना समजावता समजावता मलाच समजलं, की मलाही काही माहीत नाही.

नंतर माहिती काढली ती अशी. ही मऊ प्लॅस्टिकची बारीक पोकळ नळी असते, साधारण वीतभर. वरचं टोक मूत्रपिंडात, खालचं मूत्राशयात. दोन्ही टोकं गोल वळलेली, म्हणजे ती जागेवरून सरकत नाही. इंग्रजी जे अक्षरासारखी दोन टोकं, म्हणून डबल जे, म्हणून डीजे. अमेरिकेतल्या रॉय फिनी नावाच्या डॉक्टरांनी १९७८ साली ती प्रसिद्ध केली. त्याआधीही नळ्या घालत, पण त्या घसरून खाली येत किंवा वर चढून बसत. दुर्बीण आणि लेसर आत जाऊन आले की वाहिनीला सूज येते. सुजेनं ती बंद पडली तर लघवी पुन्हा तुंबते, पुन्हा तीच कळ. नळी असली की सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहते, राहिलेला चुराही खाली येतो. शेताच्या पाटाला नवा बांध घातला की माती बसेपर्यंत आपण आत पाइपाचा तुकडा घालून ठेवतो ना, तसंच.

हे सगळं खरं. पण पाटाला दुखत नाही.

ते अठरा दिवस मी विसरणार नाही. नळीचं खालचं टोक मूत्राशयाला सतत टोचत असतं, त्यामुळं मूत्राशयाला वाटतं आपण भरलोय. दर अर्ध्या तासानं लघवीला जायचं, आणि गेलं की चार थेंब. लघवी करताना ती नळीतून उलटी वर मूत्रपिंडाकडे ढकलली जाते, म्हणून शेवटी शेवटी पाठीत सुरी खुपसल्यासारखं होतं. जरा जास्त चाललं की लघवी लाल. कडोलीची बस खड्ड्यातून गेली की मी दोन्ही हातांनी पुढची दांडी आवळून धरायची. बस्तीत पूजेला बसले तर अष्टक पुरं व्हायच्या आत उठावं लागायचं. बायका विचारायच्या, "काय गे, बरं वाटत न्हाई?" आणि मी ‘पित्त झालंय’ म्हणून सांगायची. पित्त सांगता येतं. लघवीचं कसं सांगायचं?

शाळेत तर काय सांगू! शिक्षिकांसाठी म्हणून जे एक स्वच्छतागृह होतं त्याला कडी नव्हती आणि पाणीही नव्हतं. नोकरीला लागल्यापासूनची माझी युक्ती ठरलेली: सकाळी घरातून निघताना जाऊन यायचं आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्या बायांची तीच युक्ती. खडा कशानं झाला या प्रश्नाचं उत्तर नातेवाइकांनी आमच्या धर्मात शोधलं. रात्री पाणी पीत नाही म्हणून झाला, असं बाहेरचे म्हणाले. मीही काही दिवस तसंच समजत होते. नंतर एकदा शांतपणे हिशेब केला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अकरा-बारा तास मिळतात. अडीच-तीन लिटर पाणी प्यायला तेवढे पुरेत. सासूबाईंनी जन्मभर रात्री पाण्याचा थेंब घेतला नाही, दशलक्षणात निर्जळी उपास केले, त्यांना कधी खडा झाला नाही. कारण त्या दिवसभर शेतात असायच्या, गाळलेल्या पाण्याची घागर उशाशी असायची, आणि आडोशाला जायला ऊस असायचा. मी व्रत रात्रीचं घेतलं होतं आणि पाळत दिवसाही होते.

नळी होती तेव्हा मी तीच चूक परत केली. लघवीला जायला नको म्हणून पाणी कमी केलं. त्यानं लघवी घट्ट झाली, जळजळ वाढली, चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. तेव्हा डॉक्टरांनी नळीचा त्रास कमी करायला गोळ्या दिल्या. त्यातलं मुख्य औषध टॅम्सुलोसिन. औषधाच्या दुकानातल्या पोरानं चिठ्ठी बघून विचारलं, "सरांच्यासाठी काय?" कारण हे औषध मुळात पुरुषांच्या प्रोस्टेटचं. ते मूत्राशयाच्या तोंडाचे आणि वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. म्हणून खडा पडावा यासाठी देतात, आणि नळी सोसावी यासाठीही देतात. माझ्याकरताय म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली आणि मीही.

घरी आणून बघते तर ती कॅप्सूल. कॅप्सूलचं वरचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. सासूबाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी कधीच कॅप्सूल घेतली नव्हती. त्या म्हणाल्या, "टरफल काढून टाक आणि आतलं तेवढं घे गे." मी तसं करणार होते, पण का कोण जाणे, आधी फोन केला. डॉक्टर ओरडलेच. हे औषध हळूहळू सुटावं असंच बनवलेलं असतं. फोडून, चावून, कुटून घेतलं तर एकदम अंगात भिनतं, रक्तदाब उतरतो, चक्कर येऊन माणूस पडतं. "अहो, नको असेल तर सांगायचं ना! ह्याची साधी गोळी पण मिळते," ते म्हणाले. मिळाली. संध्याकाळच्या जेवणानंतर, दिवस मावळायच्या आत घ्यायची असं ठरलं. औषध रोज त्याच जेवणानंतर घेणं महत्त्वाचं. ते जेवण साडेपाचला असलं म्हणून औषधाचं काही बिघडत नाही. व्रत राहिलं, औषधही झालं. प्रश्न एवढा सोपा होता. फक्त दोन्ही बाजूंनी बोलायला पाहिजे होतं.

गोळीनं त्रास निम्मा झाला, गेला नाही. अठराव्या दिवशी दुर्बिणीनं नळी काढली. पाच मिनिटांचं काम. बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि बसमध्ये घरापर्यंत झोपले.

माझा त्रास म्हणजे माझा नाजूकपणा, असंच मला वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी कळलं, की २००३ साली इंग्लंडात, ब्रिस्टलमध्ये, जोशी आडनावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली होती. नळी घातलेल्या माणसांना विचारायची: रात्री किती वेळा उठता, कुठं दुखतं, कामावर जाता येतं का, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते का. पाचांतल्या चार जणांना रोजच्या जगण्यात अडथळा होईल एवढा त्रास होता. म्हणजे फिनींची नळी आल्यावर कुणी तरी बसून नीट प्रश्न विचारायला पंचवीस वर्षं लागली. त्यातला तो शेवटचा प्रश्न वाचून तर मी थक्क झाले. हे विचारता येतं? आणि कुणी उत्तरही देतं?

आता वन्संचं सांगते. हे लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या वन्सं निपाणीकडच्या एका खेड्यात दिल्या आहेत. घरी तंबाखूची शेती. २०१८ सालच्या पावसाळ्यात त्यांनाही खडा झाला आणि तिकडंच कुठल्याशा दवाखान्यात माझ्यासारखंच ऑपरेशन झालं. दिवाळीला माहेरी आल्या तेव्हा सोबत फाइल आणली होती. बिलाचे पैसे कुठून परत मिळतात का हे मला बघायला सांगितलं, कारण घरात कागद वाचणारी मी. मी दिवाणखान्यात बसून ती फाइल चाळली. बिल बघितलं. खडा केवढा होता ते बघितलं. "वन्सं, तुमचा माझ्यापेक्षा मोठा हो!" असं म्हणून आम्ही हसलोही. त्याच कागदावर खाली इंग्रजीत एक ओळ होती: डीजे चार आठवड्यांनी काढणे. ती ओळ मी वाचली असणार. डोळ्यांखालून गेली असणार. पण मी पैसे शोधत होते.

वन्संना कुणी सांगितलं होतं का? त्या म्हणतात, नाही. दवाखान्यात विचारलं असतं तर ते म्हणाले असते, लिहून दिलंय. दोन्ही खरं असेल. वन्संना चौथीपर्यंत कानडी-मराठी येतं, इंग्रजी नाही. भाऊजींना वाटलं खडा गेला, काम झालं. मधूनमधून पाठ दुखायची, लघवी लाल व्हायची. तंबाखू खुडायला दिवसभर वाकायचं, म्हणून दुखतंय असं त्या समजत. मी फोनवर विचारलं की म्हणायच्या, "खडा गेला की वैनी. आता काय न्हाई." आणि मी, जिच्या पोटात ती नळी अठरा दिवस राहून गेली होती, त्या मला एकदाही सुचलं नाही विचारायला, की वन्सं, तुमची नळी काढली का?

चौदाव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला तो उतरेना. एक्सरे काढला. मी तो बघितला आहे. नळी म्हणून ओळखू येत नव्हती. दोन्ही टोकांवर खडा चढला होता, भाताच्या दाण्यावर वारूळ चढावं तसा. पोटात राहिलेल्या नळीवर लघवीतले क्षार बसत जातात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत: सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांतल्या नऊ टक्क्यांवर खडा चढलेला होता, सहा ते बारा आठवड्यांमध्ये काढलेल्यांतल्या सत्तेचाळीस टक्क्यांवर, आणि बारा आठवड्यांनंतर शंभरातल्या शहात्तरांवर. वन्संची तर साठ आठवडे.

दोन ऑपरेशनं झाली. आधी मूत्राशयातला खडा फोडला, मग पाठीतून छिद्र पाडून मूत्रपिंडातला. नळी तुकड्यातुकड्यानं निघाली. जीव वाचला. डावं मूत्रपिंड आता निम्म्याहूनही कमी काम करतं. तीन एकर तंबाखूचं वर्षाचं उत्पन्न त्यात गेलं. वन्सं मला कधी काही बोलल्या नाहीत. मी एकदा दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, की ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू वाचलीस न्हाईस, आणि मला वाचता आली न्हाई. कुणाला बोलायचं?" दरवर्षी क्षमावाणीला आम्ही सगळ्यांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. त्या वर्षी मला ते शब्द तोंडातून काढायला जड गेले.

आता परत २०२३ च्या मार्चमध्ये. उजव्या बाजूला, सहा मिलिमीटरचा, बराच खाली. शाळा तीच, स्वच्छतागृहाला आता कडी होती, पाणी कधी असायचं कधी नसायचं. आणि समोर हे डॉक्टर, जे विचारत होते नळी की गोळी.

मी सगळं विचारून घेतलं. वही काढून लिहूनही घेतलं. हे अवघडून गेले, डॉक्टर नाही अवघडले. ते म्हणाले, काही जणांना नळीवाचून गत्यंतर नसतं. दुर्बिणीनं वाहिनीला ओरखडा पडला, आत पू किंवा जंतुसंसर्ग असला, वाहिनी मुळातच अरुंद निघाली, मूत्रपिंड एकच असलं किंवा दुसरं नीट काम करत नसलं, बाई गरोदर असली, किंवा खड्याचे मोठे तुकडे मागे राहिले, तर नळी घालायचीच. तिथं गोळी कामाची नाही. गोळी स्नायू सैल करते, बंद झालेली वाट उघडत नाही. पण खडा लहान, काम सरळ झालेलं, दुसरं मूत्रपिंड चांगलं, अशा वेळी नळी न घालताही चालतं. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ सालीच आपल्या मार्गदर्शनात तसं म्हटलं आहे.

२०१६. माझी पहिली नळी त्याच सालची. म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. खडा आठचा होता, मूत्रपिंड फुगलं होतं. मला नळी लागलीही असेल. लागली की नाही हे मला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

"मग नळी नाही घातली तर काहीच त्रास नाही?" मी विचारलं.

"असं कोण म्हणालं? सूज येणारच. पहिले दोन-तीन दिवस कळ येऊ शकते, कदाचित जोराची. गोळ्या देऊ. कळ थांबली नाही, ताप आला, लघवी बंद झाली तर रात्री दोनला पण यायचं, आणि मग नळी घालावी लागेल. नळीत रोजचा त्रास आहे पण धास्ती कमी. गोळीत रोजचा त्रास कमी पण धास्ती आहे. तुम्ही राहता कुठं?"

"कडोलीला."

"घरात गाडी?"

"आहे."

"मग चालेल. डोंगराकडच्या वाडीतल्या, रात्री वाहन न मिळणाऱ्या माणसाला मी हे सांगत नाही."

हे मला फार पटलं. नळी की गोळी हे नुसत्या खड्याच्या मापावर ठरत नाही. घरात गाडी आहे का, रात्री सोबत कोण आहे, शाळेत पाणी आहे का, कागद कुठल्या भाषेत आहे, यावरही ते ठरतं. मी सांगितलं, आत सगळं सरळ दिसलं तर नळी नको. नसेल दिसलं तर घाला, पण मला शुद्धीवर आल्यावर सांगा, आणि काढायची तारीख मराठीत लिहून द्या. डॉक्टर कानडी माणूस. हसले आणि म्हणाले, "माझं मराठी अक्षर तुम्हाला वाचता आलं तर देतो."

आत सगळं सरळ निघालं. नळी घातली नाही.

आणि म्हणून मी सुखात होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला कळ आली ती पहिल्या खेपेची आठवण देणारी. अंथरुणात बसून राहिले. दुखणं थांबवणारी गोळी उशाशी होती, ‘लागली तर घ्या’ म्हणून दिलेली. रात्री गोळी म्हणजे रात्री पाणी. सासूबाई आता नव्वदीला आल्या आहेत. कण्हणं ऐकून उठून आल्या, काठी टेकत. त्यांनी उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात गोळी दिली आणि म्हणाल्या, "घे. व्रत माणसानं घ्यायचं असतंय, मूत्रपिंडानं न्हवं." मी म्हटलं, "उद्या प्रायश्चित्त घेईन." त्या म्हणाल्या, "ते उद्याचं उद्या." मी गोळी घेतली. ह्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात ठेवली होती. एकच्या पुढं कळ ओसरत गेली. पहाटे लघवीला मोकळं झालं आणि मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी बारीकशी कळ, चौथ्या दिवशी तीही नाही. आठव्या दिवशी मी शाळेत होते. पाण्याची बाटली टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी.

दोन्ही करून बघितलेली बाई म्हणून कुणी मला विचारतं, काय बरं, नळी का गोळी? जानेवारीत आमच्या गावच्या साहित्य संमेलनाला आलेल्या एका पाहुण्या लेखिकेनंही मांडवामागं हळूच विचारलं. तिच्या मैत्रिणीचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी तिला सांगितलं, ते तिच्या डॉक्टरांनी आत बघून ठरवू दे. तू मैत्रिणीला एवढंच सांग, की शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: माझ्या पोटात काही ठेवलंय का? ठेवलं असेल तर दुसरा प्रश्न: ते कधी काढायचं? आणि ती तारीख फाइलमध्ये ठेवायची नाही.

आमच्या घरी अशा तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतात. अष्टमी-चतुर्दशीला सासूबाईंची खूण, गॅसच्या टाकीची तारीख, दुधाचा हिशेब, आणि त्यातच कुणाकुणाच्या पोटातल्या नळ्या. गल्लीतल्या दोन बायकांच्या झाल्या, शाळेतल्या शिपायाची झाली. काढून आले की मी त्यावर काट मारते.

माझ्या दुसऱ्या खेपेला नळीच नव्हती, तेव्हा तारीखही नव्हती. पण डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली होती. कधी कधी वाहिनी न दुखता, गुपचूप आकसून बसते आणि माणसाला पत्ता लागत नाही. ती तारीख मी लिहून ठेवली होती आणि वन्संनाही फोनवर सांगितली होती, सहज म्हणून. त्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन. अजून आमच्याकडं चहासुद्धा झाला नव्हता.

"वैनी, आज तुझी सोनोग्राफी. निघालीस काय?"

मी म्हटलं, "वन्सं, दवाखाना दहाला उघडतोय हो."

"मग दहाला परत करतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दहाला परत केला.